आपल्या वतीने दुसरा बोलतो तेव्हा

गेल्या सत्रात आम्हाला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरसाठी एक प्रकल्प होता. विषय होता ‘आर्थिक निर्बंध आणि शेजारी राष्ट्रं’. वर्गातल्या निम्म्या पोरांनी कतार घेतलं. साहजिकच आहे. ५ जून २०१७ ला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारीन आणि इजिप्त या चौघांनी मिळून कतारची कोंडी केली. जमिनीचा रस्ता बंद, विमानांना आकाश बंद, बंदरं बंद. ती कोंडी सुटायला जानेवारी २०२१ उजाडलं. माहिती भरपूर, नकाशे तयार, प्रकल्प दोन दिवसांत होतो. मीपण तेच घ्यायला बसले होते.

वाचता वाचता एका गोष्टीवर अडकले. कोंडी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी कुवेतचे अमीर शेख सबाह विमानात बसून जेद्दाला गेले, सौदीच्या राजाला भेटायला. वय जवळजवळ अठ्ठ्याऐंशी. रमझानचा महिना. तिथून दुबई, तिथून दोहा. या वयाचा माणूस इतकी धावपळ का करतोय? भांडण तर त्याचं नाही.

मग शोधत गेले आणि कळलं की या माणसाचं बालपणच एका नाकेबंदीत गेलंय. शेख सबाह यांचा जन्म १९२९ चा. वडील शेख अहमद अल-जाबर, कुवेतचे तेव्हाचे शासक. आणि त्या काळात कुवेतचा वाळवंटाकडचा व्यापार बंद करणारा माणूस होता इब्न सौद, म्हणजे ज्या राजा सलमानना भेटायला शेख सबाह २०१७ मध्ये गेले त्यांचे वडील! नाकेबंदी करणाऱ्याचा मुलगा आणि नाकेबंदी सोसणाऱ्याचा मुलगा, दोघे ऐंशी वर्षांनी समोरासमोर बसले होते, तिसऱ्याच्या नाकेबंदीबद्दल बोलायला.

मी कतार सोडून दिलं. कुवेत घेतलं. आणि ते वाचताना जे डोक्यात राहिलं ते इथे लिहितेय, कारण मला वाटतं आपल्या पानावरच्या वाचकांनी ही गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. ती परकी आहे, पण जितकी वाटते तितकी लांबची नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. आज कुवेत म्हटलं की तेल, दिनार आणि काचेच्या इमारती आठवतात. गोव्यातल्या मित्रमैत्रिणींना तर कुवेत म्हणजे कुणाचा तरी काका, कुणाचा तरी मामा. पण १९२० च्या दशकातलं कुवेत म्हणजे समुद्राकाठचं, मातीच्या भिंतीआड बसलेलं एक गाव. तेल सापडायचं होतं. लोक जगायचे दोन गोष्टींवर. एक समुद्र: मोती काढायचे, गलबतं बांधायची, बसऱ्याचा खजूर भरून मुंबई आणि मलबारपर्यंत जायचं. दुसरी गोष्ट म्हणजे बाजार.

बाजार म्हणजे वाळवंटातल्या बेदुइन टोळ्यांचा बाजार. वर्षातून ठरावीक वेळी या टोळ्या उंट घेऊन कुवेतला यायच्या. बरोबर आणायच्या तूप, लोकर, कातडी, मेंढ्या. न्यायच्या तांदूळ, साखर, चहा, कॉफी, खजूर, कापड. या जाण्यायेण्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, मुसाबला. नुसती खरेदी नव्हे ती. ओळखीचा व्यापारी, त्याची उधारी, पुढच्या हंगामाचा शब्द, सगळं त्यात आलं. टोळीला तेव्हा देश नव्हता, पण बाजार होता. कुठल्या शेखला मानायचं हेही पुष्कळदा त्यावरूनच ठरायचं.

आणि इथेच भांडणाचं मूळ आहे.

वाळवंटाच्या आतल्या भागात, नज्दमध्ये, इब्न सौदचं राज्य वाढत होतं. टोळ्या त्याच्या ताब्यात येत होत्या. पण या टोळ्या बाजाराला जायच्या कुवेतला आणि मालावरची जकात मिळायची कुवेतच्या शेखला. इब्न सौदचं म्हणणं होतं, माझी माणसं, त्यांचा पैसा, मग जकात दुसऱ्याला का? त्याने पर्याय दिले. कुवेतमध्ये माझा जकात अधिकारी बसू द्या, नाहीतर तुम्ही माझ्या वतीने वसूल करून मला द्या. आपल्या गावात दुसऱ्याचा जकात नाका बसवायचा म्हणजे आपण शासक कसले, असं कुवेतने म्हटलं. ते बरोबरच होतं. पण एक खरं सांगते, इब्न सौदचा मुद्दाही अगदीच खोटा नव्हता. उत्पन्न नसलेलं राज्य चालत नाही, आणि त्याला स्वतःची बंदरं, उकैर, कतीफ, जुबैल, वाढवायची होती. प्रकल्पात मी आधी त्याला सरळ खलनायक करून टाकलं होतं. सरांनी लाल पेनाने विचारलं, ‘त्याच्या जागी तू असतीस तर?’ उत्तर सुचलं नाही.

शेवटी इब्न सौदने आपल्या प्रजेला हुकूमच काढला की कुवेतच्या बाजारात जायचं नाही. ही बंदी १९२३ च्या सुमाराला पक्की झाली आणि १९३७ पर्यंत चालली. चौदा वर्षं!

आता या गोष्टीतलं तिसरं पात्र. खरं म्हणजे पहिलंच पात्र, ब्रिटिश.

२३ जानेवारी १८९९ ला कुवेतच्या शेख मुबारकने ब्रिटिशांशी एक गुप्त करार केला होता. ब्रिटिशांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही, आपली जमीन कुणाला द्यायची, विकायची, गहाण टाकायची नाही. बदल्यात ब्रिटिशांचा आसरा आणि रोख पंधरा हजार. पंधरा हजार काय? रुपये! पौंड नव्हे. कारण हा करार लंडनच्या नव्हे, हिंदुस्थान सरकारच्या माणसाने केला होता, इराणी किनाऱ्यावरच्या बुशहरला बसणाऱ्या पोलिटिकल रेसिडेंटने. हे बुशहरचं ठाणं १८७३ पर्यंत तर थेट मुंबई सरकारच्या हाताखाली होतं. कुवेतच्या बाजारात चालायचा तो आपला रुपया, आणि तो १९६१ पर्यंत तिथे चालला. १९२३ पासून तिथल्या पत्रांवर लागायची ती हिंदुस्थानची तिकिटं, वर ‘कुवेत’ असा छाप मारलेली. कुवेतचे मोती विकायला मुंबईला यायचे आणि मुंबईचं कापड तिकडे जायचं. म्हणून म्हटलं, फार लांबची गोष्ट नाही ही. ज्या कारभाराने आपल्या आज्याच्या आज्यावर राज्य केलं, त्याच कारभाराच्या एका टेबलावर कुवेतची फाइल होती.

पण ब्रिटिशांचा करार एकट्या कुवेतशी नव्हता. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांनी इब्न सौदशीही करार केला आणि १९१७ पासून त्याला दरमहा पाच हजार पौंड द्यायला लागले. महायुद्ध चालू होतं, तुर्कांविरुद्ध माणसं हवी होती. म्हणजे बंद करणारा आणि ज्याचं बंद झालं तो, दोघेही एकाच सावकाराचे ऋणको. अशा वेळी सावकार काय करतो? तो म्हणतो, मी तटस्थ आहे.

या तटस्थपणाचा पहिला नमुना दिसला उकैरला.

१९२२ चा नोव्हेंबर संपत आलेला. उकैर हे समुद्रकाठचं छोटं बंदर. तिथे तंबू ठोकून परिषद भरली, नज्द, इराक आणि कुवेत यांच्या सीमा ठरवायला. अध्यक्ष होते सर पर्सी कॉक्स, इराकमधले ब्रिटिश हाय कमिशनर. इब्न सौद स्वतः हजर. इराककडून मंत्री हजर. आणि कुवेतकडून? कुवेतमधला ब्रिटिश पोलिटिकल एजंट, मेजर मोर. शेख अहमद तिथे नव्हतेच. त्यांच्या वतीने ब्रिटिश, ब्रिटिशांशी बोलणार.

पुढचा प्रसंग हॅरोल्ड डिक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. तो तिथे हजर होता. पाच दिवस वाद चालला, सहाव्या दिवशी कॉक्सचा संयम सुटला. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर स्वतःच सीमा आखली. इब्न सौदची जमीन इराकला जास्त गेली, म्हणून त्याची भरपाई कुवेतच्या नकाशातून केली. १९१३ च्या ब्रिटिश-तुर्क करारात कुवेतचा म्हणून जो प्रदेश मानला होता, त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश गेला. मध्ये जे सुटत नव्हतं तिथे ‘तटस्थ प्रदेश’ नावाचे दोन पट्टे काढले, एक इराकच्या बाजूला, एक कुवेतच्या. नंतर कॉक्स कुवेतला गेला आणि शेख अहमदना सांगितलं की तुमचा एवढा प्रदेश गेला.

मी हे ग्रंथालयात वाचत होते. पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. रागही आला नाही लगेच. फक्त एकच विचार, त्या तंबूत ज्याची जमीन जात होती तो सोडून बाकी सगळे होते.

सीमा अशी आखली गेली, आणि लगेच तिच्यावर बाजारबंदी आली. नुसती रेघ कुणाला दिसत नाही. वाळवंटात तर नाहीच. रेघ दिसायला लागते ती बाजाराला निघालेला माणूस अडवला जातो तेव्हा. माल घेऊन परतणारे पकडले जायचे, माल जप्त व्हायचा. पाठलाग करणाऱ्या सौदी टोळ्या कुवेतच्या हद्दीत घुसल्या अशा तक्रारी वारंवार होत राहिल्या. काहींनी चोरून व्यापार चालू ठेवला, म्हणजे ज्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या उजळ माथ्याने बाजाराला यायच्या त्या एका रात्रीत ‘तस्कर’ झाल्या. वाट तीच, उंट तेच, तांदूळ तोच. फक्त नाव बदललं.

इथे मला माझी मावशी आठवते. ती चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिचा जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, पण बाजार बेळगावचा. लग्नाचा बस्ता बेळगाव, दवाखाना बेळगाव, चष्म्याचा नंबर बेळगाव. कोरोनाच्या काळात हद्दीवर नाके लागले तेव्हा तिची बीपीची गोळी मिळेना. फोनवर म्हणाली, “अगं, सरकार कोल्हापुरात आहे, पण माझा डॉक्टर बेळगावात आहे की.” तुलना ताणायची नाही मला. साथीत लावलेला नाका वेगळा, आणि एका राजाने दुसऱ्याला नमवण्यासाठी चौदा वर्षं लावलेला नाका वेगळा. पण बाजाराचं गाव आणि सरकारचं गाव एकच नसलं की माणसाची काय अवस्था होते, हे आपल्या भागातल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. एवढंच.

कुवेतवर त्याच सुमाराला आणखी दोन घाव बसले. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि जपानचे संवर्धित मोती बाजारात आले. खोल समुद्रात दम कोंडून काढलेल्या मोत्याला किंमत राहिली नाही. समुद्राचं उत्पन्न गेलं, आणि वाळवंटाकडचा दरवाजा आधीच बंद. व्यापारी कर्जात, पाणबुडे कर्जात. या सगळ्यात शेखच्या वाड्यात चूल विझली नसेल. भोगलं ते पाणबुड्याने, हमालाने, बाजारातल्या छोट्या दुकानदाराने, आणि हो, इब्न सौदच्याच प्रजेतल्या त्या बेदुइनाने, ज्याला जवळचा बाजार सोडून कितीतरी लांबच्या बंदराला जावं लागायचं. नाकेबंदीचं हे असं असतं. ती लावली जाते राज्यावर, बसते बाजाराला जाणाऱ्यावर.

मग ब्रिटिश काय करत होते?

पत्रव्यवहार.

कुवेतचा एजंट बुशहरला लिहायचा, बुशहर दिल्ली-सिमल्याला आणि लंडनच्या इंडिया ऑफिसला. पण इब्न सौदचं खातं वेगळं. तो आधी कलोनियल ऑफिसकडे, पुढे फॉरेन ऑफिसकडे. इराक तिसरीकडे. म्हणजे एकाच नाकेबंदीची फाइल एकाच सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांत फिरत होती, आणि प्रत्येक खातं आपापल्या पाहुण्याची बाजू घेत होतं. इंडिया ऑफिसवाले म्हणायचे, कुवेतला आपण शब्द दिलाय. फॉरेन ऑफिसवाले म्हणायचे, इब्न सौदला दुखवू नका. हा दुसरा आवाज वरचढ ठरत गेला, त्याला कारणंही होती. १९२४ मध्ये इब्न सौदने मक्का घेतली होती. हिंदुस्थानातल्या लाखो मुसलमानांची श्रद्धा तिथे, दरवर्षीची यात्रा तिथे, तिथला राजा नाराज असून चालणार नव्हतं. तीसच्या दशकात इटलीची भीती वाढली. त्यापुढे कुवेतच्या बाजाराची काय किंमत!

२० मे १९२७ ला ब्रिटन आणि इब्न सौद यांच्यात जेद्दाचा करार झाला. त्यात ब्रिटनने त्याचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं आणि त्याने कुवेत, बहारीन वगैरेंशी मैत्रीचे, शांततेचे संबंध ठेवायचं कबूल केलं. कागदावर छान. पण स्वतःच्याच प्रजेला ‘त्या बाजारात जाऊ नका’ म्हणणं हे शत्रुत्व मानायचं की नाही? करारात हे कुठे लिहिलंय? ही फट तशीच राहिली आणि नाकेबंदी तिच्यातून आरामात चालू राहिली. राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. करारात काय लिहिलंय हे आपण पाठ करतो. काय लिहायचं टाळलंय ते कुणी विचारत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते १९२९-३० चं प्रकरण वाचून. इब्न सौदच्याच इख्वान या कडव्या फौजेने त्याच्याविरुद्ध बंड केलं. याच इख्वानांनी ऑक्टोबर १९२० मध्ये कुवेतजवळच्या जहरावर हल्ला केला होता. आता तेच, फैसल अल-दुवैश आणि त्याचे साथीदार, कुवेतच्या शेखकडे मदत मागायला आले. विचार करा, नाकेबंदी करणाऱ्याचे बंडखोर तुमच्या दारात उभे आहेत. शेख अहमदच्या मनात काय काय आलं असेल! पण ब्रिटिशांनी सक्त बजावलं, मदत करायची नाही, आसरा द्यायचा नाही. शेखने ऐकलं. जानेवारी १९३० मध्ये बंडाचे म्होरके ब्रिटिशांना शरण आले आणि ब्रिटिशांनी त्यांना इब्न सौदच्या ताब्यात दिलं.

कुवेतला वाटलं, आता तरी नाकेबंदी उठेल. एवढा शब्द पाळला, अडचणीच्या वेळी पाठीत वार केला नाही, शेजारी आठवण ठेवेल. नाही उठली. आणखी सात वर्षं नाही उठली.

डिक्सन तोवर कुवेतचा पोलिटिकल एजंट झाला होता, १९२९ ते १९३६. त्याने खूप लिहिलं, कुवेतच्या बाजूने तळमळीने लिहिलं, हे मान्य करायला हवं. अरबी उत्तम बोलायचा, टोळ्यांमध्ये वावरायचा. पण त्याची तळमळ शेवटी वरच्या साहेबाच्या टेबलावर एक कागद म्हणूनच पोचत होती. चांगला अधिकारी असणं आणि आपला प्रतिनिधी असणं यात फरक आहे. चांगल्या अधिकाऱ्याची बदली होते.

दुसऱ्या बाजूला इराक. शेखच्या घराण्याच्या खजुराच्या बागा इराकच्या हद्दीत, शत्त अल-अरबच्या काठी होत्या. महायुद्धात साथ दिल्याबद्दल ३ नोव्हेंबर १९१४ ला ब्रिटिशांनी लेखी शब्द दिला होता की या बागा तुमच्याकडेच राहतील आणि त्यांच्यावर कर लागणार नाही. पुढे इराक राज्य झालं, त्याने कर मागितला, मालकीवरून खटले उभे राहिले. शब्द देणारे ब्रिटिश, इराकचे पालकही ब्रिटिश. शेखने दाद कुणाकडे मागायची? ब्रिटिशांकडेच.

शेवटी १९३७ च्या सुमारास नाकेबंदी सैल होऊन संपली. रीतसर व्यापार करार व्हायला एप्रिल १९४२ उजाडलं. जेद्दामध्ये सह्या झाल्या. सौदी अरेबियाच्या बाजूने सौदी अरेबियाची सही, कुवेतच्या बाजूने ब्रिटनची. वीस वर्षांपूर्वी उकैरच्या तंबूत जे होतं तेच.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ब्रिटिश नसते तर कुवेतच उरलं नसतं. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. १९२० मध्ये जहराच्या लढाईनंतर ब्रिटिश जहाजं आणि विमानं आली म्हणूनच इख्वान पुढे सरकले नाहीत. संरक्षण खोटं नव्हतं. कुवेतला जगवलं त्यांनी. पण जगवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मांडीवर बसवलेल्या मुलाला कुणी मारू शकत नाही हे खरं, पण त्याला मांडीवरून उतरून स्वतःच्या पायाने शेजाऱ्याच्या दारात जाताही येत नाही. कुवेतचा शेख इब्न सौदचा नातलगासारखा होता. तरुणपणी इब्न सौद आपल्या बापाबरोबर परागंदा होऊन कुवेतलाच राहिला होता, शेख मुबारकच्या आसऱ्याला, आणि तिथूनच १९०२ मध्ये रियाध परत घ्यायला निघाला होता. त्याच मुबारकचा नातू म्हणजे शेख अहमद. इतकी जुनी ओळख असलेली दोन घराणी आपला तंटा आपण सोडवू शकली असती का? मी छातीठोकपणे ‘हो’ म्हणत नाही. पण महत्त्वाचा निर्णय जिथे व्हायचा तिथे त्यांच्यामध्ये नेहमी तिसरा असायचा, आणि त्या तिसऱ्याचा हिशेब मक्केपासून इटलीपर्यंत पसरलेला होता. त्या हिशेबात कुवेतचा बाजार ही शेवटची ओळ होती.

माझं म्हणणं इतकंच आहे. तटस्थ म्हणवणाऱ्याने उशीर लावला की तो तटस्थ राहत नाही. एकाचा बाजार बंद आहे आणि दुसऱ्याला काही तोटा नाही, अशा वेळी ‘चर्चा चालू आहे’ हे वाक्य म्हणजे दुसऱ्याच्या बाजूने दिलेला निकाल असतो. चौदा वर्षं कुणी कुवेतला ‘नाही’ म्हटलं नाही. फक्त ‘बघू’ म्हटलं. तारखेमागून तारीख म्हणजे काय, हे सीमाभागातल्या पोरांना मी काय सांगावं! आपल्या घरात ते आजोबांपासून चालत आलंय.

आणखी एक गोष्ट मला टोचली. या सगळ्याची आपल्याला माहिती कशावरून मिळते? ब्रिटिशांच्या फायलींवरून आणि डिक्सनच्या आठवणींवरून. बाजारातून रिकाम्या हाताने परतलेल्या बेदुइनाने काही लिहून ठेवलं नाही. त्याची बायको काय म्हणाली, त्या वर्षी घरात चहा होता की नाही, उधारी कुणी माफ केली, ते कुठल्याच फाइलीत नाही. लाल पेन्सिलीची गोष्ट राहिली कारण ती साहेबाने लिहिली. आपल्याकडेही आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा. कुठला बाजार, कुठली वाट, कुठलं दुकान, कधी बंद झालं, कुणी अडवलं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. वही घ्या. मोर्चाइतकंच हेही काम आहे, आणि याला परवानगी लागत नाही. मी सुरुवात मावशीपासून केलीय. बीपीच्या गोळ्यांची ती गोष्ट तिने मला तीन वेळा सांगितली, प्रत्येक वेळी नाक्यावरचा माणूस थोडा जास्त उंच होतो. असू दे. तेही लिहून ठेवलंय.

आता शेवटी परत २०१७ कडे येते.

कतारची कोंडी झाली तेव्हा फरक काय होता? कतारकडे गॅस होता, पैसा होता, हे खरंच. पण त्याच्याकडे स्वतःचा परराष्ट्रमंत्री होता, जो जगभर फिरून स्वतःची बाजू स्वतः मांडत होता. स्वतःचं बंदर होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला स्वतःचं नाव होतं. साडेतीन वर्षांत कोंडी सुटली, चौदा वर्षं लागली नाहीत. आणि मध्यस्थ होता तो लांबच्या साम्राज्याचा अधिकारी नव्हता. शेजारच्या घरातला म्हातारा होता, ज्याने लहानपणी बंद पडलेला बाजार पाहिला होता.

शेख सबाह यांनी ती कोंडी सुटलेली पाहिली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले. पुढे तीन-चार महिन्यांत, ५ जानेवारी २०२१ ला, सौदीतल्या अल-उला इथे समेट झाला. त्यांच्या पाठीमागे कुवेतनेच मध्यस्थीचं काम शेवटपर्यंत नेलं होतं.

प्रकल्पाला मला चांगले मार्क पडले, पण सरांनी शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहिला: ‘मग छोट्यांनी करायचं काय?’ मी अजून त्याचं पूर्ण उत्तर दिलेलं नाही. एवढं मात्र कळलंय की आपल्या वतीने बोलणारा कितीही भला असला तरी तंबूत आपण स्वतः असायला हवं. आणि असायचं तर नकाशा वाचता यायला हवा, करार वाचता यायला हवा, समोरच्याचा मुद्दाही समजून घेता यायला हवा. त्यासाठी अभ्यास करावा लागतो. घोषणा नंतर.

पटलं नसेल तर खाली लिहा. इब्न सौदची बाजू कुणी नीट मांडली तर मला खरंच वाचायला आवडेल.